सिझेरियननंतरचे पहिले पाऊल

सिझेरियन होऊन एक रात्र उलटलेली असते. सकाळच्या राउंडला डॉक्टर येतात, टाक्यांवरची पट्टी पाहतात, ‘आज उठून चालायचं बरं का’ असे सांगतात आणि शेजारच्या खाटेकडे वळतात. थोड्या वेळाने सिस्टर लघवीची नळी काढते आणि तेच वाक्य जरा चढ्या आवाजात ऐकवते. ती पाठमोरी होताच खाटेजवळ बसलेली आई किंवा सासू बाळंतिणीच्या कानाशी लागते, ‘पडून राहा गं, टाके ओले आहेत अजून.’ दुपार होते तरी बाळंतीण जागची हललेली नसते. मग वॉर्डात तिच्याविषयी एक मत तयार होते. ही फार नाजूक आहे, आळशी आहे, सांगितलेले ऐकत नाही.

हे मत बहुतेक वेळा चुकीचे असते. ती घाबरलेली असते. पोट कापले गेले आहे, कमरेखालच्या भागात आता कुठे जाणीव परतते आहे, आणि वळायला गेले की कळ येते. अशा वेळी ‘उठा’ हा हुकूम तिला धीर देत नाही. भीती कमी करण्याच्या रीती मानसशास्त्राने गेल्या साठ वर्षांत चांगल्या तपासल्या आहेत आणि त्यांतल्या काही थेट प्रसूतीच्या वॉर्डातच तपासल्या गेल्या आहेत. तरीही आपल्या रुग्णालयांत त्या कोणाच्या कामाचा भाग नाहीत. जखमेचे ड्रेसिंग कोणी करायचे हे ठरलेले असते, भीतीचे काय करायचे हे मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेले असते.

हा प्रश्न थोड्याथोडक्या बायकांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के आहे आणि गोव्यात ३९.५ टक्के. देशभरातील खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर ते ४७.४ टक्क्यांवर जाते. यांतली किती सिझेरियन खरोखर गरजेची होती, हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. पण झालेल्या शस्त्रक्रियेनंतर बाईला पुन्हा पायावर उभे करण्याची जबाबदारी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही.

लवकर उठायचे कशासाठी, हे आधी पाहायला हवे. बाळंतपणाच्या सुमारास स्त्रीचे रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठते. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीराने केलेली ती सोय असते. पण पाय तासन्‌तास निश्चल राहिले तर हीच सोय उलटते. पोटरीतल्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. साध्या बाळंतपणाच्या तुलनेत सिझेरियननंतर हा धोका साधारण चौपट असतो. आकड्यांत तो तरीही कमीच आहे, पण टाळता येण्यासारखा आहे. शिवाय हालचालीने श्वास खोल घेतला जातो, पोटातला वायू सरकतो, लघवीची नळी लवकर निघते आणि बाळाला जवळ घेणे सोपे जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या ‘एरास’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८-१९मध्ये सिझेरियनसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांत लवकर हालचाल करण्याची शिफारस केली. एकट्या चालण्याचा फायदा किती, हे दाखवणारा पुरावा मात्र कमकुवत आहे, अशी प्रामाणिक नोंदही त्यांनी त्याच सूचनांत केली. म्हणून लवकर उठणे हा चांगल्या शुश्रूषेचा एक भाग आहे असे म्हणावे. बाळंतिणीची परीक्षा घेण्याचे ते निमित्त होऊ नये.

किती लवकर, याचाही साधारण अंदाज आहे. अमेरिकेतील प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेला क्रम असा आहे: पहिल्या आठ तासांत खाटेच्या कडेला बसणे, जमल्यास खुर्चीत बसणे, पहिला दिवस संपेपर्यंत एक-दोनदा चालणे, दुसऱ्या दिवशी तीन-चार वेळा चालणे. अर्थात भुलीचा असर उतरला आहे, दोन्ही पाय स्वतःहून उचलता येतात, रक्तदाब ठीक आहे आणि रक्तस्राव जास्त नाही, एवढे पाहिल्यावरच. पहिल्यांदा उभे राहताना शेजारी कोणीतरी असलेच पाहिजे.

आता भीतीकडे वळू. ती येते कुठून? घरच्या बायकांकडून येते, हे खरे आहे. पण त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या घरांत बाळंतिणीला एरवी दिवसभर कामाला जुंपलेले असते, तिथे सव्वा महिन्याची विश्रांती हीच तिची हक्काची सुट्टी होती. ‘पडून राहा’ या शब्दांमागे ती काळजी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, भीतीचा मोठा वाटा रुग्णालयही उचलते. पाठीतून भूल दिल्यानंतर ‘उशी घेऊ नका, मान उचलू नका, चोवीस तास सपाट पडून राहा’ असे अजूनही अनेक ठिकाणी बजावले जाते. सुईनंतरची डोकेदुखी टळावी हा त्यामागचा हेतू. पण पडून राहिल्याने ती डोकेदुखी टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही. जिला काल ‘मान उचललीस तर त्रास होईल’ असे सांगितले, तिलाच आज ‘चाल’ म्हटले जाते आणि दोन्ही वेळा कारण सांगितले जात नाही. अशा वेळी तिने आईचे ऐकले तर नवल नाही. आईचे म्हणणे निदान कालपासून बदललेले नसते.

वेदनेच्या अभ्यासात या अवस्थेला नाव आहे. २००० साली व्लायेन आणि लिंटन या संशोधकांनी कंबरदुखीच्या रुग्णांविषयी एक मांडणी केली. दुखले की काही जण ‘आत काहीतरी बिघडले’ असा अर्थ लावतात. मग हालचालीचीच भीती बसते. हालचाल टाळली की स्नायू आखडतात, थोडे हलले तरी जास्त दुखते आणि मनातली शंका पक्की होते. सिझेरियन झालेल्या बाईच्या बाबतीत हेच चक्र दोन-तीन दिवसांत फिरते. पहिल्या दिवशी न उठलेली बाई दुसऱ्या दिवशी उठते तेव्हा तिला जास्त चक्कर येते, अंग जास्त ताठते, आणि ‘सांगितलं होतं ना, उठू नकोस’ हे वाक्य खरे ठरते.

हे चक्र तोडण्याची पहिली जागा शस्त्रक्रियेच्या आधीची आहे. १९६४मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्या रुग्णांना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून सांगितले की कुठे दुखेल, किती दुखेल, ते दुखणे का स्वाभाविक आहे. श्वास कसा सोडायचा आणि पोटाच्या स्नायूंवर जोर न देता हातापायांच्या आधाराने कुशीवर कसे वळायचे, हेही शिकवले. बाकीच्यांना नेहमीची वागणूक मिळाली. ज्यांच्याशी बोलले गेले त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधे निम्म्यानेच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हे रुग्ण बाळंतिणी नव्हत्या आणि त्या काळचे उपचारही वेगळे होते. तरी मुद्दा आजही लागू पडतो. काय होणार आहे हे आधी कळले असेल तर तीच कळ धोक्याची खूण वाटत नाही.

सिझेरियनच्या बाबतीत आधी सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिल्यांदा उठताना टाक्यांजवळ ओढ बसेल, जळजळेल. उभे राहिल्यावर पाय थरथरतील. दोन-चार पावलांनंतर थोडे सैल वाटेल. योनीतून अंगावरून जाणारे रक्त उभे राहताच एकदम जास्त आल्यासारखे वाटेल, कारण झोपलेल्या अवस्थेत ते आत साठलेले असते. हे एक वाक्य आधी सांगितलेले नसेल तर पायांवरून ओघळणारे रक्त पाहून बाई परत खाटेवर बसते आणि पुन्हा उठायला तयार होत नाही. टाक्यांविषयीही स्पष्ट बोलावे. गर्भाशय, पोटाच्या स्नायूंवरचे मजबूत आवरण आणि त्वचा असे वेगवेगळे थर शिवलेले असतात. सावकाश उठण्याने आणि चालण्याने नीट घातलेले टाके उसवत नाहीत. त्यानंतर उठण्याची रीत दाखवावी: गुडघे वाकवायचे, सबंध अंग एकदम कुशीवर वळवायचे, पाय खाली सोडता सोडता कोपराने आणि तळहाताने रेटा देऊन बसायचे. उताणे असताना थेट उठू नये. खोकला आला तर उशी पोटाशी धरावी. हे सारे दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. बोस्टनमध्येच २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीतून भूल घेणाऱ्या १४० गर्भवतींना बधिर करण्याचे इंजेक्शन देताना दोन वेगळी वाक्ये ऐकवली गेली. काहींना सांगितले की आता हा भाग बधिर होईल आणि पुढे तुम्हाला त्रास जाणवणार नाही. काहींना सांगितले की मोठी मधमाशी चावल्यासारखे होईल, सगळ्यांत वाईट भाग हाच. सुई तीच होती. पण पहिल्या गटातल्या स्त्रियांनी वेदनेला दहापैकी साधारण ३ गुण दिले आणि दुसऱ्या गटाने ५. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियात ३०० स्त्रियांना सिझेरियननंतर प्रश्न विचारताना फक्त एक शब्द बदलला. काहींना ‘किती दुखतंय’ असे विचारले आणि काहींना ‘किती आराम वाटतोय’ असे. आरामाविषयी विचारलेल्या स्त्रियांना जखमेच्या जागच्या संवेदना कमी त्रासदायक वाटल्या आणि ते काही इजा झाल्याचे लक्षण नसून जखम भरत असल्याचे लक्षण आहे, असे त्यांनी जास्त प्रमाणात मानले.

आपल्या वॉर्डात ऐकू येणारी वाक्ये या कसोटीवर लावून पाहावीत. ‘थोडं सहन करा, दुखणारच’, ‘पडलात तर आमची जबाबदारी नाही’, ‘टाके तुटले तर परत टेबलवर घ्यावं लागेल’. ही वाक्ये दुष्टपणाने म्हटली जात नाहीत. कामाच्या घाईत ती तोंडातून जातात. पण पोटावर नुकतीच जखम झालेल्या बाईसाठी ती शब्दशः खरी असतात. त्यांच्या जागी ‘ताई, मी इथेच उभी आहे. कुशीवर वळा, मग दोन मिनिटं फक्त बसूया, पुढचं नंतर बघू’ असे म्हणायला जास्त वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पायरी लहान ठेवणे आणि ती बाईने स्वतः ठरवणे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये दाखवून दिले की ‘मला हे जमेल’ हा विश्वास उपदेशापेक्षा स्वतः केलेल्या छोट्या कृतीतून जास्त घट्ट होतो. म्हणून ‘दिवसभरात चालायचं’ हे उद्दिष्ट निकामी आहे. घोटे फिरवणे, कुशीवर वळणे, कडेला पाय सोडून बसणे, उभे राहणे, खिडकीपर्यंत जाणे, असा क्रम हवा. त्याला वेळेची गाठ मारली तर आणखी बरे. ‘जमेल तेव्हा उठेन’ यापेक्षा ‘बाळाला पाजून झालं की कडेला बसेन’ असा ठराव पाळला जाण्याची शक्यता जास्त असते, हे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून दिसले आहे.

बांडुरा यांनी सांगितलेला विश्वासाचा आणखी एक झरा म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ती गोष्ट करताना पाहणे. याबाबतीत खासगी रुग्णालयातल्या स्वतंत्र खोलीपेक्षा सरकारी रुग्णालयाचा गजबजलेला वॉर्ड उजवा ठरतो. परवा सिझेरियन झालेली बाई आज भिंतीला धरून पाण्यापर्यंत जाते आहे, हे पलीकडच्या खाटेवरून दिसते. सिस्टरने त्या दोघींची ओळख करून दिली तर तिचे पाच मिनिटांचे बोलणे भित्तिपत्रकापेक्षा जास्त काम करते. मात्र ओळख करून देणे वेगळे आणि ‘ती बघ कशी फिरते, तुला काय झालं’ असा टोमणा मारणे वेगळे. तुलनेने लाज वाटते आणि लाजलेली बाई पांघरूण डोक्यावर ओढून घेते. ‘बाळासाठी तरी उठ’ या वाक्याचेही तसेच. बाळाला घ्यायला उठावेसे वाटणे ही फार मोठी प्रेरणा आहे, पण तीच न उठण्याचा दोष म्हणून ऐकवली तर आधीच थकलेल्या आईच्या मनात आपण वाईट आई आहोत असे घर करते. अनेक तास कळा देऊन शेवटी तातडीचे सिझेरियन झालेल्या बाईच्या मनात ‘आपल्याला नॉर्मल जमलं नाही’ ही बोच आधीच असते. तिच्याशी पहिले बोलणे चालण्याविषयी नसावे. काय झाले, का झाले, हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवे.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. मनाच्या उपायांचा वापर औषध वाचवण्यासाठी होता कामा नये. वेदनाशामक औषध वेळच्या वेळी मिळाले आणि त्याचा असर चढल्यावर बाईला उठवले, तरच वरचे सारे उपयोगी पडते. स्तनपान करताना चालणारी वेदनाशामके उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास बाळाला धोका होईल या समजापायी दुखणे अंगावर काढण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, उठायला नकार देणारी प्रत्येक बाई केवळ घाबरलेली आहे असे समजणेही धोक्याचे आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात शस्त्रक्रियेतला रक्तस्राव मिळवला तर उभे राहताच येणारी चक्कर शंभर टक्के खरी असू शकते. उठल्यावर वाढणारी तीव्र डोकेदुखी, एका पोटरीची सूज आणि दुखणे, धाप, ताप, भळभळणारा रक्तस्राव, जखमेतून पू येणे, यांपैकी काही असेल तर समजूत घालत बसू नये. डॉक्टरांना बोलवावे.

घरच्यांशी करायचे बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे. खाटेजवळ दिवसभर बसणारी आई किंवा सासू ही वॉर्डातल्या सर्वांत जास्त वेळ हजर असलेली व्यक्ती. तिला बाजूला सारून केलेला उपदेश सिस्टरची पाठ वळेपर्यंतच टिकतो. तिला विश्वासात घेऊन कुशीवर वळवण्याची रीत दाखवली, पहिल्या वेळी हात धरण्याचे काम तिच्याकडे दिले, तर तिची काळजी योग्य वाटेला लागते. तिला एक भेदही समजावून सांगावा लागतो. हालचाल म्हणजे काम नव्हे. बाळंतिणीने खाटेपासून दारापर्यंत चालावे, याचा अर्थ तिने घरी जाऊन कपडे धुवावेत, पाण्याच्या कळशा उचलाव्यात असा होत नाही. सव्वा महिन्याची विश्रांती घरकामापासूनची आहे आणि ती तिला मिळालीच पाहिजे. हा भेद स्पष्ट केला नाही तर ‘डॉक्टरच म्हणाले चालती-फिरती राहा’ या वाक्याचा आधार घेऊन आठव्या दिवशी तिला ओट्यापाशी उभे केले जाईल, आणि शास्त्राच्या नावाने तिची सुट्टी तेवढी जाईल.

मग करायचे काय? सिझेरियन कोणाचे होणार हे आधी नक्की सांगता येत नाही. तेव्हा आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला, सोबत आलेल्या बाईसह, दहा मिनिटांत ही रीत दाखवता येईल. वॉर्डात प्रत्येक पाळीत पहिल्यांदा उठवण्याची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीकडे द्यावी. केसपेपरवर रक्तदाब आणि नाडीच्या खाली ‘पहिल्यांदा कधी बसली, कधी उभी राहिली, कशाची भीती वाटते’ एवढ्या तीन नोंदींची जागा ठेवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन झालेल्या आईला सात दिवसांपर्यंत मोफत आहार धरलेला आहे. म्हणजे ती तेवढे दिवस तिथे असणार हे यंत्रणेला माहीत आहे. घरी गेल्यावर आशा कार्यकर्तीच्या भेटी सातव्या दिवसापासून ठरलेल्या आहेत. त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आई किती हिंडते-फिरते, कशाला घाबरते, हेही विचारता येईल.

यावर नेहमीचे उत्तर असते की गोड बोलायला पैसे लागत नाहीत, सिस्टरनी तेवढे करावे. हे उत्तर फसवे आहे. एकाच पाळीत सारा वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेला धीराने बोलण्याचा उपदेश करणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे. बोलायला वेळ लागतो आणि तो वेळ ड्युटीच्या तक्त्यात धरावा लागतो, त्यासाठी माणसे नेमावी लागतात. शस्त्रक्रियेला लागणाऱ्या धाग्याचा आणि सुईचा हिशेब जसा आधी मांडलेला असतो, तसाच या दहा मिनिटांचाही मांडला गेला, तर बाळंतिणीला उठवण्यासाठी आवाज चढवण्याची वेळ फारशी येणार नाही.